परक्या शब्दांचा उंबरठा

कल्याणनंतर मध्य रेल्वेचे रूळ दोन दिशांना जातात. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. कर्जतच्या फाट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. बदलापूर ते मुंबई हे अंतर साधारण ६८ किलोमीटरांचे, आणि धीम्या लोकलने दीड-पावणेदोन तासांचे. या प्रवासात पोथी वाचणारे, भजन करणारे, पत्ते खेळणारे आणि उभ्यानेच झोपणारे प्रवासी सर्वांच्या परिचयाचे आहेत. १९९० नंतरच्या दोन दशकांत त्यांच्यात आणखी एका जातीची भर पडली. हातात जाड पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती, ओठांची अस्फुट हालचाल, आणि मधूनच मिटलेले डोळे. हे विद्यार्थी जीआरई या परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करीत असत. ज्या शब्दांशी त्यांची गाठ पूर्वी कधी पडली नव्हती, आणि परीक्षेनंतर क्वचितच पडणार होती, असे शब्द.

या दृश्याची थट्टा करणे सोपे आहे. परंतु परक्या भाषेतील शब्द हा शिक्षणाचा उंबरठा होणे, आणि तो ओलांडण्यासाठी मराठी मुलुखातील माणसांनी जीव तोडून घोकंपट्टी करणे, ही गोष्ट काही १९९० साली सुरू झालेली नाही. तिला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान याच परिसरातले, म्हणजे कल्याणचे आहे. तो इतिहास थोडक्यात पाहावा, आणि अखेरीस या घोकंपट्टीतून हाती काय लागले असा प्रश्न विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभी उलटा प्रवास

गंमत अशी की मराठी प्रदेशात आधुनिक काळात भाषेच्या परीक्षेला प्रथम बसले ते साहेबच. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत, आणि बढतीचा, दुभाष्याच्या पदाचा मार्ग त्यांतून जात असे. जेम्स टी. मोल्सवर्थ हा असाच लष्करी सेवेतून भाषेकडे वळलेला अधिकारी. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, अर्थातच अनेक शास्त्रीपंडितांच्या साहाय्याने, सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातील शब्दसंख्या सुमारे साठ हजारांपर्यंत गेली. आज आपण हा कोश मराठीचे वैभव म्हणून मिरवतो, आणि ते योग्यही आहे. परंतु त्याचा मूळ वाचक मराठी माणूस नव्हता. मराठी शिकू पाहणाऱ्या परक्यासाठी तो रचला गेला होता.

दोन कोशांच्या प्रकाशनवर्षांत सत्तेच्या दिशेची नोंद सापडते. मोल्सवर्थने आरंभलेला आणि थॉमस कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला. पहिल्या कोशात साहेब मराठीकडे चालत येत होता, दुसऱ्याच्या काळापर्यंत मराठी माणूस इंग्रजीकडे निघाला होता. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली, आणि त्यानंतर ही दिशा कायमची ठरली. त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत रानड्यांसह रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही नावे आहेत. पुढच्या पिढ्यांसाठी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला आल्या आणि घरोघरी नांदल्या. 'वाघिणीचे दूध' ही उपमा मराठीत रुजली ती याच वातावरणात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शब्द पाठ करण्याची कला या विद्यार्थ्यांना इंग्रजीने शिकवली नाही. ती पाठशाळेतून आली होती. अमरकोश हा मुळात मुखोद्गत करण्यासाठीच रचलेला ग्रंथ. तीन कांडांत विभागलेला, श्लोकबद्ध, आणि विशेष म्हणजे अर्थाच्या वर्गांनुसार लावलेला. स्वर्गाचे शब्द एका ठिकाणी, पाण्याचे दुसऱ्या, वनौषधींचे तिसऱ्या. शिवकाळात सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोशही याच परंपरेतला. फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश पद्यात आणि वर्गवारीने रचलेला आहे. शब्द वर्णानुक्रमाने नव्हे, तर नात्याने लक्षात राहतात, हे आपल्या कोशकारांना चांगले ठाऊक होते. या मुद्द्याकडे पुढे परत यायचे आहे.

कल्याणची आनंदी

१८८३ च्या जून महिन्यात अठरा वर्षांची एक मुलगी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी माहेरची यमुना, सासरची आनंदीबाई. तिचे बालपण कल्याणात गेले. नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. तिच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निश्चयामागे हे दुःख होते, हे सर्वश्रुत आहे. तिला इंग्रजी शिकवले ते प्रामुख्याने गोपाळरावांनी, आणि तेही अत्यंत कठोरपणे. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्यांच्या गावी हा अभ्यास चालला. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी झालेला दीर्घ पत्रव्यवहार हीच तिची खरी इंग्रजीची शाळा म्हणता येईल.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला तिने त्या जूनमध्ये प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपण प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे ती त्यात मोकळेपणाने सांगते. मात्र स्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण येथवर आलो, तोच निर्धार अभ्यासातही उपयोगी पडेल, असा युक्तिवाद करते. कॉलेजने प्रवेश दिला, शिष्यवृत्ती दिली. १८८६ च्या मार्चमध्ये ती पदवीधर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या प्रकरणात पाहण्यासारखे आहे ते हे की, आनंदीबाईंचे इंग्रजी कोणी शब्दसूचीने मोजले नाही. मोजले गेले ते एक पत्र. म्हणजे शब्द नव्हे, शब्दांनी केलेले काम. तिच्या कैफियतीत जे शब्द होते ते तिने गरजेपोटी मिळवलेले होते. तिला काही सांगायचे होते.

तीस वर्षांनी, १९१३ साली, भीमराव रामजी आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेही कोणत्या शब्दपरीक्षेतून नव्हे, तर मुंबई विद्यापीठाच्या पदवीच्या बळावर. ती पदवी इंग्रजी आणि फारसी या विषयांची होती. फारसी का, तर शाळेत संस्कृत शिकण्याची वाट अस्पृश्य म्हणून त्यांना बंद करण्यात आली होती. अमरकोशाच्या परंपरेचा गौरव करताना हे विसरून चालणार नाही की ती परंपरा सर्वांसाठी खुली नव्हती. परक्या भाषेचा उंबरठा उंच होता हे खरे. पण काहींच्या दृष्टीने घरातल्या भाषेच्या दाराला कुलूपच होते. इंग्रजीकडे या देशात केवळ अनुकरणाच्या हौसेने लोक गेले असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे.

शब्द मोजण्याचे यंत्र

शब्दसंग्रह हा बुद्धीचा मापदंड मानावा, ही कल्पना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बळावली. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्या झाल्या. त्यांत काम केलेल्या कार्ल ब्रिगमने पुढे महाविद्यालयीन प्रवेशासाठी सॅट ही परीक्षा घडवली. ती प्रथम १९२६ साली झाली. याच ब्रिगमने १९२३ च्या आपल्या पुस्तकात वंशानुसार बुद्धीची उतरंड मांडली होती, आणि १९३० साली आपले ते निष्कर्ष निराधार असल्याचे त्याने स्वतःच जाहीर केले. भाषेची ओळख आणि बुद्धी यांची गल्लत झाली होती, हे त्याला उमगले. निष्कर्ष मागे घेतले गेले, चाचण्या मात्र राहिल्या.

१९३६ साली कार्नेगी फाउंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया या चार विद्यापीठांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सुरू केला. त्यातून ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन, म्हणजेच जीआरई, जन्मास आली. १९४७ साली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था स्थापन झाली आणि परीक्षा तिच्याकडे गेली. अमेरिकेचा स्थलांतर कायदा १९६५ साली बदलला, आशियाई माणसांना दारे किलकिली झाली, आणि आपल्याकडील अभियंते व शास्त्रज्ञ या परीक्षेच्या रांगेत उभे राहिले.

२०११ पर्यंतच्या या परीक्षेत शब्दांची कसोटी मुख्यतः दोन प्रकारांनी लागे. एक, विरुद्धार्थी शब्द: संदर्भाविना एकच शब्द द्यायचा आणि पाच पर्यायांतून त्याचा उलटा अर्थ निवडायचा. दुसरा, सादृश्य: अंकुशाचे हत्तीशी जे नाते, तेच लगामाचे कोणाशी, या धर्तीचे प्रश्न. दोन्हीकडे वाक्य नाही, प्रसंग नाही, बोलणारा नाही. शब्द ठाऊक असेल तर वीस सेकंदांचे काम, नसेल तर कितीही विचार करून उपयोग नाही. अशा परीक्षेला उत्तर म्हणून शब्दसूची आली. बॅरन्सच्या पुस्तकातील साडेतीन हजार शब्दांची, पन्नास भागांत विभागलेली, वर्णानुक्रमी यादी ही तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप. नॉर्मन लुईस यांचे १९४९ सालचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे त्याहून जुने आणि अधिक शहाणे पुस्तक. ते शब्दांना धातूंनुसार आणि विषयांनुसार एकत्र आणते. परंतु घाईत असलेल्या विद्यार्थ्याला यादी अधिक जवळची वाटे. रोज एक भाग, पन्नास दिवसांत पारायण समाप्त.

तीन गावे, अनेक भाषा

आता पुन्हा कर्जतच्या फाट्यावर येऊ. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कँपात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. येथील मुलांच्या वाट्याला घरी सिंधी, रस्त्यावर हिंदी आणि मराठी, आणि पुस्तकात इंग्रजी अशी वाटणी आली. त्यातही सिंधी अरबी लिपीत लिहावी की देवनागरीत, हा वाद घरातच होता. ज्यांचा प्रांतच हरवला, त्यांच्या भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले. व्यापारात 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद साऱ्या मुंबईने केला. त्या विनोदातील नक्कल करण्याचा आरोप बाजूला ठेवला, तर त्यात एक सत्यही आहे: मुळापासून उखडलेल्या माणसाला दूरचा देश फार दूरचा वाटत नाही.

अंबरनाथची घडण वेगळी. इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर एकीकडे, आणि आगपेट्यांचा विमको कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी दुसरीकडे. सरकारी कारखान्यांच्या वसाहतींत देशभरातील कुटुंबे आली. यंत्रावर काम करणाऱ्या बापाचा मुलगा अभियंता होणे हे तिथले स्वाभाविक स्वप्न. बदलापूर त्यानंतर वाढले. मुंबईत घर परवडेना तसा मध्यमवर्ग डोंबिवली, कल्याण ओलांडून येथे पोचला. दुर्मिळ मराठी पुस्तके जपणारे 'ग्रंथसखा' वाचनालय याच गावात उभे राहिले, हेही नोंदवले पाहिजे.

या तिन्ही गावांना समान असलेली गोष्ट म्हणजे अंतर. मुंबईच्या दक्षिण टोकाला असलेल्या कॉन्व्हेंट शाळेतील मुलाच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र, कादंबऱ्या आणि संभाषण यांतून जे शब्द आपसूक येत, ते येथील मुलाला एकेक करून, नाणे साठवावे तसे साठवावे लागत. परीक्षेत दोघांना गुण सारखे पडले तरी त्यामागचे श्रम सारखे नसत. आणि तरीही, या परीक्षेची एक न्याय्य बाजू होती. तिला आडनाव कळत नसे, शाळेचा पत्ता कळत नसे. यादी सर्वांसाठी तीच होती. ज्याच्यापाशी वारसा नाही त्याला यादीचा आधार वाटतो, याचे कारण यादी पाठ करता येते, वारसा पाठ करता येत नाही.

एका शब्दाला एक शब्द

या पाठांतरात चूक कुठे होती? पाठांतरात मुळीच नव्हती. ती वर्णानुक्रमात होती, आणि एका इंग्रजी शब्दाला एकच प्रतिशब्द लिहून ठेवण्याच्या सवयीत होती. 'फ्रूगल' आणि 'पार्सिमोनिअस' या दोन्ही शब्दांपुढे विद्यार्थी 'कमी खर्च करणारा' असे लिहून मोकळा होई. प्रत्यक्षात पहिल्या शब्दात कौतुक आहे, दुसऱ्यात निंदा. हा भेद परका आहे काय? मराठीत 'काटकसरी' म्हटले तर सून खूश होते, 'कद्रू' म्हटले तर भांडण होते. पुढे 'चिक्कू', 'कंजूष', 'कवडीचुंबक' अशी निंदेची चढती भाजणी आपल्याकडे तयारच आहे. तीच गत कमी बोलणाऱ्यांची. 'टॅसिटर्न' म्हणजे घुमा, स्वभावतःच अबोल. 'रेटिसंट' म्हणजे मनातले सहसा उघड न करणारा. 'लॅकोनिक' म्हणजे मोजक्या शब्दांत मोठा आशय सांगणारा. शेवटचा शब्द स्पार्टा ज्या प्रदेशात होते त्या लॅकोनियाच्या नावावरून आला. पहिल्या दोन्हींचे मूळ 'गप्प राहणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूत आहे. अमरकोशाच्या पद्धतीने हे शब्द एका वर्गात ठेवले असते, तर ते आपोआप जागेवर बसले असते.

दुसरा जवळचा मार्ग धातूंचा. इंग्रजीतील हे भारदस्त शब्द बहुतांशी लॅटिन-ग्रीक आहेत, आणि त्या भाषा संस्कृतच्या दूरच्या बहिणी. 'ज्ञा' या धातूचे नाते 'कॉग्निशन' आणि 'ॲग्नॉस्टिक' यांच्याशी आहे, 'युज्' चे 'कॉन्जुगल' आणि 'सबज्युगेट' यांच्याशी, 'मृ' चे 'मॉरिबंड' शी, 'नव' चे 'नॉव्हिस' शी, 'अग्नी' चे 'इग्नाइट' शी. अर्थात येथे सावध राहावे लागते. फारसीतील 'बद' आणि इंग्रजीतील 'बॅड' दिसायला जुळी भावंडे, पण भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा काडीचा संबंध नाही. तथापि ज्या विद्यार्थ्याला पाणी आणि जल, डोळा आणि नेत्र, सासर आणि श्वशुरगृह यांतील पातळ्यांचा भेद बोलता बोलता कळतो, त्याला इंग्रजीतील साध्या आणि पंडिती शब्दांची उतरंड समजणे कठीण नव्हते. ते कोणी त्याला सांगितले नाही, इतकेच.

सूची मिटल्यावर

ऑगस्ट २०११ मध्ये जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि सादृश्याचे प्रश्न वगळण्यात आले. त्यांच्या जागी वाक्यातील गाळलेल्या जागा आणि समान अर्थाची वाक्ये पूर्ण करण्याचे प्रश्न आले. दोनशे ते आठशे ही गुणांची मोजपट्टी जाऊन एकशे तीस ते एकशे सत्तर अशी नवी पट्टी आली. २०२० नंतर महामारीच्या काळात अनेक अमेरिकी विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली किंवा तिची अटच काढून टाकली. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत आटोपू लागली. परीक्षेचा धाक ओसरला, मात्र जाणाऱ्यांची रीघ ओसरली नाही: २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती, आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिले स्थान घेतले. दार ओलांडण्यासाठी ते साडेतीन हजार शब्द अनिवार्य नव्हते, असे आता मागे वळून म्हणता येते.

मग ते श्रम वाया गेले काय? काही अंशी गेलेच. जो शब्द कधी वाचला नाही, कोणाला उद्देशून लिहिला नाही, तो परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून विरू लागतो. आनंदीबाईंचे शब्द टिकले, कारण त्यांना एक माणूस समोर होता आणि मागे एक दुःख होते. परंतु ज्यांनी त्या यादीत उत्तरांखेरीज अर्थच्छटा पाहिल्या, त्यांना एक वेगळे धन मिळाले. मनुष्यस्वभावातील बारीक भेदांना नावे असतात, आणि नाव सापडले की भेद दिसू लागतो, ही ती जाणीव.

आणि हीच जाणीव आपल्याला एका अडचणीच्या प्रश्नापाशी आणून सोडते. 'पार्सिमोनिअस' ठाऊक असलेल्या पिढीला 'कवडीचुंबक' ठाऊक असेल याची आता खात्री देता येत नाही. मोल्सवर्थच्या कोशातील साठ हजार शब्दांपैकी किती आज आपल्या तोंडी आहेत, हे कोणीही एखादे पान उघडून स्वतःपुरते तपासून पाहावे. ज्या कोशातून परका माणूस आपली भाषा शिकला, तोच कोश आपल्याला परक्या भाषेच्या शब्दसूचीसारखा भासू लागला आहे. फरक एवढाच की या सूचीची परीक्षा घेणारी कोणतीही संस्था नाही, आणि उत्तीर्ण होऊन जाण्यासारखे दुसरे गावही नाही.